बोकडाचा स्वतंत्र गोठा

शासकीय योजनेतून मिळणारा 10 शेळ्या व 1 बोकड हा गट मराठवाड्यातील अनेक अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत पोहोचला आहे. त्यातील शेळ्यांचा हिशेब घरात सर्वांना तोंडपाठ असतो. बोकड मात्र त्यांच्याच छपराखाली, पुष्कळदा सुटाच, वावरतो. या रीतीचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

उस्मानाबादी शेळी वर्षातून केव्हाही माजावर येते आणि तिचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो. माघात फळलेली शेळी आषाढात विते. ओल आणि चिखलात करडे दगावतात. तीच आषाढात फळली, तर मार्गशीर्षात विते. तेव्हा चारा असतो, जमीन कोरडी असते. बोकड मोकळा असेल, तर ही निवड मालकाच्या हाती उरत नाही. शिवाय कोवळ्या पाठी अंग भरण्याआधीच गाभण राहतात, आणि बाप-लेकीच्या संकराने पुढची पिढी खुरटते. इतिहास शिकविणाऱ्यांना तारखेचे वेड असतेच. परंतु फळल्याची तारीख वहीत असणे हा येथे कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न आहे.

गोठ्यास फार खर्च लागत नाही. छपराखाली 25 ते 30 चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळे आवार पुरते. जमीन मुरमाची, उताराची असावी. कुंपण पाच फूट उंच व भक्कम हवे, कारण बोकड मागच्या पायांवर उभा राहतो आणि धडका देतो. फाटक आत उघडणारे असावे. त्याने रेटले, तर ते अधिकच घट्ट बसते. पाण्याचे भांडे बाहेरून भरता येईल असे ठेवावे. त्याचा उग्र दर्प दुधाला लागतो, म्हणून दूध काढण्याच्या जागेकडून वारा जिकडे जातो, त्या बाजूस गोठा बांधावा. एकटा बोकड मात्र बेचैन होतो. सोबतीला खच्ची केलेला एखादा नर द्यावा.

शेपटी हलविणारी, सतत ओरडणारी शेळी त्याच्या आवारात न्यावी व तारीख नोंदवावी. सुमारे 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर न आल्यास बहुधा गाभण समजावी. नर करडे तीन महिन्यांची होताच माद्यांपासून वेगळी करावीत. बोकडाच्या लेकी फळण्याजोग्या होण्याआधी त्याच्या जागी दुसऱ्या गावचा बोकड आणावा. नवा बोकड तीन आठवडे दूर बांधून, आजार नाही असे पाहूनच या गोठ्यात घ्यावा.