गोदीतला सेवक आणि आपली ग्रामसभा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 27:39 ते 28:10



या पाठात पौलाचे जहाज माल्टा बेटापाशी फुटते. जहाजावर 276 माणसे होती. त्यांत कैदी कोण, शिपाई कोण, हे न विचारता बेटावरच्या लोकांनी आधी शेकोटी पेटवली. याच माल्टात, पहिल्या महायुद्धात उपचार घेत असताना, सिलोनचा एक शिपाई ख्रिस्ताकडे वळला. त्यांचे नाव कमल चुंची.

1. बंदरावरची सेवा

चुंची यांचा जन्म 1886 चा, कँडीचा. युद्धानंतर मेथडिस्ट मंडळीने त्यांना लंडनच्या गोदीत खलाशांच्या सेवेला नेमले. तिथे आफ्रिका, वेस्ट इंडीज, हिंदुस्थान इथले खलाशी उतरत. मुंबईहून निघालेल्या बोटींवर आपले रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे बटलरही असत. काळ्या माणसाला भाड्याने खोली मिळणे कठीण. चुंची बोटींवर, इस्पितळांत आणि खलाशांच्या घरी जात. 1926 मध्ये त्यांनी कॅनिंग टाउन भागात या लोकांसाठी ‘कलर्ड मेन्स इन्स्टिट्यूट’ उघडले. तिथे उपासना होई, मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग भरे आणि अडल्यानडल्याला आधार मिळे.

2. कागदाचा जाच

1925 च्या सरकारी हुकुमानुसार, ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद नसलेल्या काळ्या खलाशाला ‘परका’ म्हणून पोलिसांत नाव नोंदवावे लागे. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी आणि इतर जमातींना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट होती. तो कायदा 1952 मध्ये उठला. तरी वस्त्यांवर फिरताना मला अजून तेच दिसते : जन्माची नोंद नाही म्हणून जातीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून मुलीची शिष्यवृत्ती अडलेली.

3. जिथे ठराव होतो तिथे

1930 मध्ये रस्त्याच्या कामासाठी इन्स्टिट्यूटची इमारत पाडली गेली. चुंचींनी नव्या इमारतीसाठी पुष्कळ धडपड केली, पण ती उभी राहिली नाही. 1953 मध्ये ते वारले.

रस्ता हवाच होता. पण खलाशी आज बंदरात, उद्या समुद्रात. रस्त्याचा नकाशा ठरताना त्याचे ऐकणार कोण? आपली स्थिती त्याहून बरी आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीत अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत, आणि ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बोलता येते. आमच्या कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांची 10,000 घरे उभी आहेत. त्या एकत्र येऊन वर्षानुवर्षे मागत राहिल्या, म्हणून ती झाली.

आजाऱ्याला भेटणे ही सेवाच आहे. त्याच्या वस्तीचा रस्ता, पाणी आणि दाखला यांसाठी सभेत उभे राहणे, हाही त्याच सेवेचा भाग आहे असे मी मानतो. शेकोटी एका रात्रीची ऊब देते. छप्पर मात्र ठरावाने मिळते.

चर्चेसाठी

1. माल्टाच्या लोकांनी काय आधी केले आणि काय नंतर?
2. आपल्या वस्तीत किती घरांत जातीचा दाखला नाही? यादी करा.
3. पुढच्या ग्रामसभेला आपल्यातले कोण जाणार, आणि कोणता एक विषय मांडणार?

प्रार्थना : प्रभू, दारात आलेल्याला आधी ऊब द्यायला आणि मग त्याच्यासाठी बोलायला आम्हांला शिकव. आमेन.