हसणे : देवाचे दान, पण गोळीच्या जागी नव्हे



जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी गावांत, आरोग्यभेटीच्या दिवशी हास्यवर्ग घ्यावा का, असे आपल्यापैकी काहींनी विचारले. म्हणून या अंकाच्या पाठासाठी मी हाच विषय घेतला आहे.

हास्यवर्ग आपल्याच राज्यात सुरू झाला. 13 मार्च 1995 रोजी मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांचा पहिला हास्यक्लब बागेत भरवला. थोड्याच दिवसांत विनोद संपले. मग टाळ्या, दीर्घ श्वास आणि एकमेकांकडे पाहून हसणे, अशी विनोदाशिवायची पद्धत त्यांनी बसवली. अक्षरओळख नसलेली, घरी कोरकू बोलणारी आजीही तीत सहज सामील होऊ शकते.

शरीराला व मनाला लाभ : मनमोकळे हसताना पोटाचे व छातीचे स्नायू काम करतात, श्वास पूर्ण बाहेर पडतो, नाडी वाढते व नंतर अंग सैल होते. रॉबिन डनबार व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की, इतरांबरोबर खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. मनावरचा ताण हलका होतो, असेही अनेक लहान अभ्यासांत आढळले आहे.

मर्यादा : हसण्याने क्षयाचे जंतू मरत नाहीत, अंगात रक्त भरत नाही, कुपोषित बाळाचे वजन वाढत नाही. म्हणून औषध व आहार आधी, हास्यवर्ग नंतर. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्याची थुंकी आधी तपासावी. वर्ग बंद खोलीत नव्हे, झाडाखाली घ्यावा. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा छातीत दुखणे असेल त्याला जोराने हसायला लावू नये.

वचन : नीतिसूत्रे 17:22 आनंदी मनाला औषधाची उपमा देते. पण रोमकरांस पत्र 12:15 आनंदात आणि रडण्यातही सोबत करायला सांगते. ज्या पाड्यावर नुकतेच मूल दगावले आहे, तिथे आपण वर्ग घेऊ नये, शांत बसावे. आणि त्यांच्या बोलीला, पेहरावाला हसणे हे तर पापच. लोकांबरोबर हसणे वेगळे, लोकांना हसणे वेगळे.

माझे मत असे : वर्ग जरूर घ्यावा, पण गावातल्याच एखाद्या ताईने तो चालवावा.

मननासाठी : गेल्या महिन्यात मी कोणाबरोबर हसलो, आणि कोणाजवळ बसून रडलो?