म्हाताऱ्या सोन्याचं पोट

कुत्रा म्हातारा झाला की पादणारच, असं धरून चालणाऱ्या घरांना मला कळकळीनं काही सांगायचं आहे. वयाबरोबर वायू थोडा वाढतो हे खरं. आतडी मंदावतात, हालचाल कमी होते, गुदद्वाराचे स्नायू सैल पडतात. पण वास एकाएकी वाढला, तर त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतं आणि त्यातलं बरंचसं दुरुस्तही करता येतं.

आमचा लॅब्रॅडॉर सोन्या 11 वर्षांचा असताना आम्ही यातून गेलो. संध्याकाळ झाली की त्याचं पोट गुरगुरायला लागायचं आणि हॉलमध्ये बसणं अवघड व्हायचं. पाहुणे आले की त्याला गॅलरीत बांधावं, असं घरात बोललं जाऊ लागलं. जो जीव आयुष्यभर आमच्या पायाशी झोपला, त्याला कमी ऐकू येत असताना, नजर अधू झालेली असताना एकटं बाहेर ठेवायचं, हे मला पटेना. आधी कारण शोधू, मग जागेचं बघू, असं मी घरात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी औषध लगेच लिहून दिलं नाही. आठवडाभर सोन्याच्या तोंडात जे जे जाईल ते लिहून आणा, म्हणाल्या. कोणी दिलं, कधी दिलं, तेही. फ्रिजवर वही ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना लिहायला लावलं. त्या वहीत जे निघालं, ते आपल्याकडच्या कित्येक घरांत निघेल. सकाळी फिरून येताना वॉचमनकाकांकडची ग्लुकोजची बिस्किटं. दुपारी स्वयंपाकाच्या मावशींनी टाकलेली पोळीची कड. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की सासूबाईंच्या हातची दूधपोळी. मुलाच्या ताटातलं चीज. आणि मांसाहार चालत नाही म्हणून शेजारच्या काकू प्रथिनांसाठी मुद्दाम आणून द्यायच्या तो सोयावडी घातलेला भात. प्रत्येकाचा घास लहान होता, पण बेरीज फार मोठी होती.

वायू पोटात दोन वाटांनी येतो. एक म्हणजे खाताना गिळलेली हवा, आणि दुसरी म्हणजे न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथल्या जंतूंनी ते आंबवल्यामुळे तयार होणारा वायू. यातल्या बहुतेक वायूंना वासच नसतो. घाण वास येतो तो गंधकयुक्त वायूंमुळे, हायड्रोजन सल्फाइडसारख्या, आणि त्यांचं प्रमाण अगदी थोडं असतं. म्हणून आवाज होतो पण वास फारसा नाही, असं असेल तर साधारणपणे गिळलेल्या हवेकडे बघावं. आवाज नाही आणि वास मात्र असह्य, तर खाण्याकडे.

दूध हा आपल्या घरांतला मोठा प्रश्न आहे. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं विकर बहुतेक कुत्र्यांत खूप कमी होतं. ती साखर तशीच मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथे आंबते. सोयाबीन, राजमा, चवळी, छोले यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचवण्याची सोय कुत्र्याच्या आतड्यात नाही (आपल्याही नाही). कोबी, फ्लॉवर, फार अंडी, कलेजी यांतून गंधक जातं. तेलकट, तुपकट उष्टं पचायला जड. तरुण कुत्रा यातलं बरंच निभावून नेतो, म्हाताऱ्याला ते जमत नाही.

सासूबाईंना दूध बंद करा म्हणणं सोपं नव्हतं. त्यांच्यासाठी तो रोजचा नेम होता. मग सोन्याच्या दिवसाच्या वाट्यातलंच मूठभर खाणं एका वाटीत काढून ठेवायला लागलो. संध्याकाळी त्या तेच त्याला हातानं भरवतात. घरात वडीलधारं माणूस असेल तर ही सोय जरूर करा. नुसती मनाई केली की लपून दिलं जातं, आणि मग वहीला काही अर्थ उरत नाही.

खाणं ठीक केल्यावर फरक पडला, पण पुरता नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले. दाढांवर किटण चढलेलं, हिरड्या सुजलेल्या आणि मागची एक दाढ तडकलेली. चावताना दुखत होतं, म्हणून तो दाणे न चावता बकाबका गिळत होता आणि त्यांच्याबरोबर हवाही. कुत्रा दात दुखतो म्हणून जेवण सोडेलच असं नाही, लॅब्रॅडॉर तर नाहीच. म्हातारा कुत्रा पूर्वीपेक्षा घाईनं गिळायला लागला, एका बाजूनं चावायला लागला, तोंडाला वास येऊ लागला, तर तोंड तपासून घ्या. भूल द्यावी लागते म्हणून या वयात लोक घाबरतात. मीही घाबरले होते. पण आधी रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाची तपासणी करून, त्याच्या वयाप्रमाणे भूल देऊन दाढ काढली, दात साफ केले. त्यानंतर त्याचं खाणं शांत झालं.

आता त्याला दिवसाचं खाणं तीन वेळा विभागून देतो, भिजवून आणि मोठ्या परातीत पसरून. पसरलेले दाणे वेचत खायचे म्हटल्यावर घास आपोआप लहान होतात. मान वाकवायला त्रास होतो म्हणून बरेच जण भांडं उंच स्टँडवर ठेवतात. त्याबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये उंच ठेवलेल्या भांड्याचा संबंध पोट फुगून पिळा पडण्याशी आढळला होता. नवं खाणं सुरू करायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत 7 ते 10 दिवस घ्या, आणि एका वेळी एकच बदल करा. नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही.

जेवणानंतर थोड्या वेळानं सावकाश चालवून आणलं की वायू बाहेरच सुटतो आणि पोटही साफ होतं. सांधे दुखतात म्हणून दिवसभर पडून राहणाऱ्या कुत्र्याला याची जास्त गरज असते. पळवायचं मात्र नाही.

वास कमी करणाऱ्या गोळ्या, बिस्किटं मिळतात. कोळसा, युक्का वनस्पतीचा अर्क आणि झिंक ॲसिटेट यांचं मिश्रण कुत्र्यांना देऊन केलेला एक अभ्यास 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात दुर्गंध बराच कमी झाला, पण वायू सुटायचा तो सुटतच राहिला. म्हणजे मूळ कारण तसंच राहून वास झाकला जाऊ शकतो. शिवाय कोळसा दुसरी औषधंही शोषून घेतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला एखादं तरी औषध चालू असतंच. विचारल्याशिवाय देऊ नका.

घरगुती उपायांबद्दल मी कडक बोलते, रागावू नका. माणसांचं फसफसणारं गॅसचं चूर्ण कुत्र्याला देऊ नये; त्यातला सोडा त्याच्या रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडवू शकतो. लसूण, कांदा त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते फोडणीतले असोत की औषध म्हणून दिलेले. पोट साफ व्हावं म्हणून भिजवलेल्या मनुका देतात. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पोट दुखत असेल असं वाटून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. दूध सोडून काही द्यायचंच असेल, तर चमचाभर साधं ताजं दही बहुतेकांना चालतं, कारण विरजताना दुधातली साखर कमी झालेली असते.

सोन्याचं दुखणं खाणं आणि दात एवढ्यावर आटोपलं. सगळ्यांचं आटोपत नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका जर्मन शेफर्डला असाच वास यायचा, पण तो भरपूर खाऊनही वाळत चालला होता. शी ढिगानं, फिकट, तेलकट. तपासणीत निघालं की स्वादुपिंड पाचक रस पुरेसा बनवत नाही. या जातीत हा आजार जास्त दिसतो. रक्ताच्या एका तपासणीनं तो कळतो आणि जेवणात विकरांची पूड मिसळून सांभाळता येतो. ब जीवनसत्त्वांपैकी बी 12 कमी असेल तर तेही द्यावं लागतं. जंत, जिआर्डिया, आतड्यांची जुनाट सूज यांतूनही वायू वाढतो. म्हणून वासाबरोबर वजन उतरणं, पातळ शी, उलट्या, रक्त, काळी शी, खाण्यावरची वासना उडणं, यांतलं काहीही दिसलं तर वहीच्या प्रयोगात वेळ घालवू नका. सांधेदुखीची गोळी चालू असताना शी काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दाखवायला जाताना वही, चालू औषधांची यादी आणि त्याच दिवशीच्या शीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जा.

आणि एक प्रसंग असा, ज्यात सकाळची वाट बघायची नसते. पोट टम्म फुगलं आहे, कुत्रा ओकायला बघतो पण काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. हा साधा गॅस नव्हे. जठर फुगून त्याला पिळा पडला असू शकतो. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत आणि उतारवयात हा धोका जास्त असतो, आणि काही तासांत जीव जातो. रात्री उघडा असणारा, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना आपल्या भागात कोणता, हे आजच विचारून त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.