द्राक्षरस, किण्व आणि हवा

पिकलेल्या द्राक्षांचा रस भांड्यात काढून ठेवला, तर एकदोन दिवसांत तो फेसाळू लागतो. विस्तवाचा स्पर्शही नसताना त्यातून बुडबुडे उठतात, रस किंचित उबदार होतो आणि त्याची गोडी ओसरत जाते. काही दिवसांनी त्याचे मद्य झालेले असते; पण भांडे तसेच उघडे राहिले, तर पुढे त्याच मद्याचा आंबट सिरका होतो. रस एकच, भांडेही एकच. मग परिणाम दोन का?

किण्वाचे कार्य

फ्रान्समधील लील या शहरात १८५६ साली बीटपासून मद्यार्क तयार करणाऱ्या एका कारखानदाराची काही पिंपे नासू लागली. त्याने लुई पाश्चर या रसायनशास्त्रज्ञाकडे धाव घेतली. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा चांगल्या द्रवात किण्वाच्या वाटोळ्या पेशी दिसल्या. नासलेल्या द्रवात निराळेच सूक्ष्म जीव होते. किण्वन हे सजीवांचे कार्य आहे, आणि किण्व हवेवाचूनही जगू शकते, हे त्याने पुढील संशोधनाने दाखवून दिले. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर याने किण्वाच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखरेचे किण्वन घडविले. अर्थात हे कार्य पेशीतील एंझाइमे करतात, असे सिद्ध झाले.

या क्रियेत साखरेचे विघटन होऊन मद्यार्क आणि कार्बन डायॉक्साइड वायू निर्माण होतात. हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू मिळावा. प्रत्यक्षात मद्यार्क थोडा कमी भरतो, कारण काही साखर किण्वाच्या वाढीस व ग्लिसरीनसारख्या इतर पदार्थांस लागते.

नवशिक्याची बरणी

ब्रिटनमध्ये साखरेचे नियंत्रण १९५३ साली उठल्यानंतर घरी मद्य करण्याचा छंद पसरला. तेथील नवशिका साडेचार लिटरांची काचेची बरणी घेऊन आरंभ करतो. भांडी निर्जंतुक करणे हे त्याचे पहिले काम. तांबडे मद्य हवे असल्यास चिरडलेली द्राक्षे सालींसह रुंद भांड्यात घालून त्यात संवर्धित किण्व मिसळतात व वर स्वच्छ कापड बांधतात. प्रारंभी थोडी हवा किण्वाच्या वाढीस उपकारकच असते. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात किण्वन नीट चालते. उष्णता फार वाढल्यास किण्व दुबळे होते.

पहिला जोर ओसरला, की रस गाळून बरणीत गळ्यापर्यंत भरतात आणि बुचात पाणी भरलेली वाकडी नळी बसवितात. आतला वायू पाण्यातून बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र आत येऊ शकत नाही. ही साधी नळीच मद्य आणि सिरका यांमधील सीमारेषा होय. मद्यार्काचे अ‍ॅसेटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. तो न मिळाल्यास त्यांचे काही चालत नाही.

नवशिक्याच्या हातून होणारी दुसरी चूक घाईची असते. बुडबुडे मंदावले म्हणजे किण्वन संपले, असे समजून तो बाटल्या भरतो. उरलेल्या साखरेचे किण्वन आत चालूच राहते आणि वायूच्या दाबाने बाटली फुटते. म्हणून द्रवघनतामापकाचा आधार घ्यावा लागतो. प्रारंभी १.०९० च्या आसपास असलेली घनता १.००० च्या खाली उतरून काही दिवस स्थिर राहिली, तरच किण्वन पूर्ण झाले असे मानतात. मग तळाचा गाळ न हलविता रबरी नळीने मद्य दुसऱ्या बरणीत काढून घेतात.

शाळेतील प्रयोग

भारतात मद्यविषयक कायदे राज्यांच्या अधिकारात येतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे. तथापि किण्वन पाहण्यासाठी मद्याची आवश्यकता नाही. कोमट पाण्यात दोन चमचे साखर व थोडे पावाचे किण्व घालून बाटलीला भोक पाडलेले बूच लावावे आणि त्यातून काढलेल्या नळीचे दुसरे टोक चुन्याच्या निवळीत बुडवावे. थोड्या वेळाने बुडबुडे येऊ लागतील व निवळी दुधाळ होईल. दुसऱ्या बाटलीतील किण्व आधी उकळून घेतले, तर तेथे काहीच घडणार नाही. या दोन बाटल्यांतील भेद ज्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिला, त्याला किण्वन म्हणजे सजीवांचे कार्य होय, हे निराळे सांगावे लागत नाही. प्रयोग संपताच दोन्ही बाटल्यांतील द्रव टाकून द्यावा.