आकाशाची वजाबाकी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे सुपरनोव्हाला मराठीत काय म्हणतात, हे मला लायब्ररीत शोधावं लागलं. शब्द सापडला: अतिनवतारा. नावात 'नव' असलं, तरी हा असतो ताऱ्याचा शेवट!

तो शोधतात कसा? रात्री अकराला समोरच्या हॉस्टेलचा फोटो काढा. बाराला त्याच जागेवरून पुन्हा काढा. दुसऱ्यातून पहिला वजा केला, की आधीचे दिवे पुसले जातात आणि नव्याने उजळलेली खिडकी तेवढी उरते. बस्स, एवढंच!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीने हेच काम चाललं होतं. आकाशाचे तेच ते भाग पुन्हा पुन्हा टिपायचे, वजाबाकी कॉम्प्युटरने करायची. २४ ऑगस्ट २०११ रोजी एम १०१ या दीर्घिकेत एक ठिपका उरला. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं दूर आहे. स्फोट दिसू लागून जेमतेम ११ तास झाले होते!

इतकी घाई कशाला? कारण पहिले तास गेले की गेले, तो प्रकाश परत येत नाही. त्या तासांतल्या मोजमापांवरून कळलं, की फुटलेला तारा सूर्याच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षाही लहान, म्हणजे श्वेत बटू होता. अशाच स्फोटांची तेजस्विता मोजून १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे समजलं होतं. त्या शोधाला २०११ मध्येच नोबेल मिळालं. ज्या मोजपट्टीवर एवढा मोठा निष्कर्ष उभा, ती मुळात कशाची बनलीय, हे कळायला नको?

पण मला सगळ्यात आवडला तो आदल्या रात्रीचा फोटो. त्यात ठिपका नव्हता. म्हणूनच तर स्फोटाची वेळ ठरवता आली! लॅबमध्ये रीडिंग शून्य आलं, की मी ते जर्नलमध्ये लिहायचं टाळायचो. आता लिहितो, तारीख आणि वेळेसकट.

उन्हाळ्यात रात्री टेरेसवर गेलात, तर उत्तरेला सप्तर्षी बघा. शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची धरून मनात एक समभुज त्रिकोण काढा. तिसऱ्या टोकाशी आहे एम १०१. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. तरी बघा!