रीस्टार्टच्या आधी

चि. सोनू हिस,


तुला डेव्हलपमेंटऐवजी प्रॉडक्शन सपोर्टला टाकलं आणि तू चार दिवस कोणाशी धड बोलत नाहीस, असं दादा फोनवर म्हणाला. ओरॅकल, थोडं पोस्टग्रेस, वर वेबलॉजिक, आणि रात्रपाळी ठरलेली. तुझी नाराजी मला कळते, पण मला मनापासून आनंद झालाय. कोड लिहिणाऱ्याला आपला प्रोग्रॅम रिकाम्या मशीनवर, एकट्याने चालताना दिसतो. तोच प्रोग्रॅम हजारो लोक एकदम वापरू लागले की कसा वागतो, ते तुझ्या खुर्चीवरून दिसणार आहे. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर तुला एकच गोष्ट सांगावीशी वाटते: हात लावण्याआधी बघायला शीक.

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुला 'बाउन्स कर' असं सांगेल. अडकलेला सर्व्हर रीस्टार्ट केला की साइट सुरू होते, ब्रिज कॉलवर, म्हणजे बिघाडासाठी जोडलेल्या सामूहिक फोनवर, बसलेली माणसं झोपायला जातात, आणि काय अडकलं होतं त्याचा पुरावा पुसला जातो. पुढच्या महिन्यात पगाराच्या दिवशी पुन्हा तेच. रीस्टार्ट करूच नकोस असं मी म्हणत नाही. लोकांचे व्यवहार थांबले असतील तर करावाच लागतो. पण त्याआधी दोन मिनिटं मागून घे. तेवढ्यात जेस्टॅक वापरून थ्रेड डंप घे, आणि एक नव्हे, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घे. एका डंपवरून थ्रेड त्या क्षणी कुठे होता एवढंच कळतं. तिन्हींमध्ये तो त्याच ओळीवर असेल तर तपास तिथूनच सुरू कर. वेबलॉजिक स्वतः एखाद्या थ्रेडला 'स्टक' म्हणतं ते मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंदांनी. पैसे अडकलेला ग्राहक दहा मिनिटं थांबत नाही, त्याच्या आधीच फोन करतो, म्हणून त्या इशाऱ्यावर विसंबू नकोस.

त्याच दोन मिनिटांत डेटाबेसकडेही बघ. ओरॅकलमध्ये व्ही-डॉलर-सेशन, पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी. कोण काम करतंय, कोण कशाची वाट बघतंय, कोणी कोणाला अडवलंय, हे तिथे दिसतं. बहुतेक ठिकाणी अ‍ॅप टीम म्हणते 'डीबी स्लो आहे' आणि डीबी टीम म्हणते 'आमच्याकडे सगळं हिरवं आहे'. दोघं आपापल्या स्क्रीनवरचं खरंच सांगत असतात. तू दोन्हीकडचं एकाच वेळेचं चित्र शेजारी-शेजारी ठेव.

अ‍ॅप अडकलंय, पण डेटाबेसमध्ये सगळी कनेक्शन्स निवांत पडली असतील, तर बहुधा कनेक्शन लीक आहे. कोडने पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सच्या साठ्यातून, कनेक्शन घेतलं, मध्येच एक्सेप्शन आलं आणि ते परत करायचं राहून गेलं. डेटाबेसमध्ये क्वेरी चालू दिसत असेल तर ती क्वेरी तपास. आणि पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं तर कान टवकार. कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडलं, एक ओळ अपडेट करून लॉक धरलं आणि मग कमिट न करताच पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसलं. गेटवेला तीस सेकंद लागले की ती ओळ हवी असणारे बाकीचे सगळे तीस सेकंद थांबतात. यात चूक डेटाबेसची नाही, क्वेरीचीही नाही. ट्रान्झॅक्शनच्या पोटात बाहेरचा कॉल घातला, ती चूक.

अशा वेळी ब्रिजवर 'पूल साइज वाढवा' असा आवाज येतो. तेव्हा कागद घेऊन हिशेब मांड. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे हाती ९७. चार अ‍ॅप सर्व्हर आणि प्रत्येकाचा पूल २५ असेल तर मागणी १०० ची झाली. एरवी हे कोणाला जाणवत नाही, कारण चारही पूल एकदम भरत नाहीत. ते भरतात नेमके गर्दीच्या दिवशी. मर्यादा वाढवली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस चालवतं, आणि आठ कोअरच्या मशीनवर तीनशे क्वेरी एकदम सोडल्या तरी कोअर आठच राहतात. लहान पूल आणि शिस्तीची रांग पुष्कळदा जास्त काम उरकते. हे पटवून द्यायला आकडे लागतात, म्हणून ते रोजच्या रोज टिपत जा.

'काल चालत होतं, आज कोणी काहीच बदललं नाही,' असंही तू ऐकशील. ते खरंही असू शकतं; का, ते समजायला थोडं मागे जाऊ. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातून पुढे आलेल्या एसक्यूएलमध्ये आपण काय हवं ते सांगतो, कसं आणायचं, म्हणजे प्लॅन, ते डेटाबेस ठरवतो. तो प्लॅन खर्चाचा अंदाज बांधून कसा ठरवावा, याचा पायाभूत निबंध १९७९ मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला. तो मिळवून वाच. एका बाईचं नाव त्यावर पहिलं आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो. अंदाज टेबलाच्या स्टॅटिस्टिक्सवर बेततो. रात्रीतून वीस लाख ओळी भरल्या आणि स्टॅटिस्टिक्स जुनीच राहिली, तर कोणी कोड बदलला नसला तरी प्लॅन चुकतो. प्लॅन बघताना एक सांभाळ: पोस्टग्रेसमध्ये 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटवर लावलंस तर ओळी जातील. बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये चालव.

एका डेटाबेसची सवय दुसऱ्यावर नेऊ नकोस. पोस्टग्रेसमध्ये टेबल बदलण्याची आज्ञा सहसा रोलबॅक करता येते. ओरॅकलमध्ये तीच आज्ञा आधीचं सगळं कमिट करून टाकते. ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमधून साधं एक्झिट केलं तरी मूळ सेटिंगप्रमाणे कमिट होतं.

आता कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीची गोष्ट, कारण ती त्यांनी स्वतःच जगापुढे मांडली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर मागे पडलेला दुय्यम डेटाबेस सर्व्हर दुरुस्त करत होता. तिथली डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली, पण सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबीच उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कधीपासूनच होत नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचं टूल ९.२ चं. तो फसल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्या नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी कोणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर सगळं उभं राहिलं. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला बदल मात्र गेला.

त्या इंजिनिअरला दोष देणारे खूप भेटतील. मला तसं वाटत नाही. दोन सर्व्हरची नावं एका आकड्याने वेगळी, वेळ रात्रीची, माणूस थकलेला. तिथे कोणाचाही हात चुकला असता. तू प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंग लाल ठेव. मोठी आज्ञा देण्याआधी होस्टनेम मोठ्याने वाच, शेजारी कोणी असेल तर त्याला ऐकव. घाईच्या क्षणी हेच सुटतं, म्हणून एरवीच सवय लावून घे.

अजून एक काम आहे, ते याच आठवड्यात कर. तुमच्या टीममधल्या सीनिअरला विचार, बॅकअपमधून डेटाबेस शेवटचा पूर्ण उभा करून कधी बघितला होता. बॅकअप जॉब 'सक्सेस' दाखवतोय, हे उत्तर चालणार नाही. तारीख विचार, किती तास लागले ते विचार, आणि पुढच्या वेळी त्या कामाला मलाही बसवा म्हणून सांग. काय उत्तर मिळालं ते मला कळव.

तुझी,
आत्या