फांदीदार प्रवाळ : रोजच्या हिशेबाचे काम

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद जर्मनी, अमेरिका आदी देशांत चांगलाच रुजला आहे. टाक्या, दिवे, पंप, क्षार असा मोठा व्यापार त्यावर चालतो. परदेशी अशा दुकानांत नोकरी करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत. भारतात हा धंदा करता येत नाही. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

फांदीदार कठीण प्रवाळांत अ‍ॅक्रोपोरा प्रमुख. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते व उजेडावर अन्न तयार करून त्याला पुरविते. म्हणून प्रखर दिवा आणि पाण्याचा जोरदार, उलटसुलट प्रवाह हवा. पाण्याचे तापमान २५-२६ अंश सेल्सिअस ठेवावे. ते बरेच दिवस ३० च्या वर राहिले तर शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो व मरूही शकतो.

प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा. तो वाढतो तसतशी पाण्यातील कॅल्शियम व क्षारता घटत जाते. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम व क्षारता ७ ते ९ जर्मन अंश असावी. नवखे लोक आकडा घसरलेला पाहून एकदम क्षार ओततात आणि फांद्यांची टोके जळतात. रोजचा खप मोजावा व तेवढीच रोज भर घालावी. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी रात्री थेंबथेंब सोडण्याची पद्धत जुनी व स्वस्त आहे. पानाचा चुना मात्र वापरू नये.

वाढलेल्या प्रवाळाची बोटभर फांदी तोडून दगडावर चिकटवली की तिचा नवा प्रवाळ होतो. ज्याची टाकी स्थिर, त्याचा माल असा वर्षानुवर्षे वाढत राहतो. घाई करणारा भांडवल गमावतो.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ आहेत. त्यांची तोड वा विक्री केल्यास किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. कोणी कितीही दाम देऊ केला तरी आपल्या तरुणांनी त्याला हात लावू नये. येथे धंदाच करावयाचा तर गोड्या पाण्यातील शोभेचे मासे पाळून सुरुवात करावी. रोज पाणी तपासण्याची सवय तेथेही कामी येते.